डोकं तपासून घेतल्याबद्दल

ती. ताईस,

वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा जेवढं वाकता आलं तेवढं). तुझे गुडघे आणि भावोजींचा खोकला कसा आहे?

ताजी बातमी अशी, की माझं डोकं तपासण्यासारखं आहे, असं मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंनी काल स्वतः सांगितलं. ऑटिझमची शंका आहे, पक्की तपासणी अजून व्हायची आहे. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी!

झालं असं, की आमच्या चष्म्याच्या दुकानात काउंटरवरची मुलगी रजेवर गेली आणि मालकांनी मला मागच्या खोलीतून पुढे आणून बसवलं. (मागे मी काचा घासतो. काचा काही विचारत नाहीत.) एका बाईंनी नवी फ्रेम चढवून विचारलं, "कशी दिसते मी?" मी म्हटलं, "ते चष्म्यावर अवलंबून नाही." चष्मा बघण्यासाठी असतो, दिसण्यासाठी नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. बाई फ्रेम आपटून गेल्या. मालक ओरडले, "अहो, डोकं तपासून घ्या एकदा!" मी रजा टाकली आणि घेतलं तपासून. रजेच्या अर्जावर कारण लिहिलं, 'आपल्या सूचनेनुसार'. तेव्हापासून मालक माझ्याशी फार अदबीने बोलतात.

डॉक्टरीणबाईंनी खूप प्रश्न विचारले. दिवसभर कुणाशी बोलता? आवाजांचा त्रास होतो का? इतकं सलग मला कुणी कधी विचारलं नव्हतं, त्यामुळे मीही तोंड भरून बोललो. शेवटी त्या हसून म्हणाल्या, "बरं, या मग." मी खुर्ची पुढे ओढली. त्या पुन्हा म्हणाल्या, "या." मी आणखी पुढे सरकलो, टेबलाला गुडघे टेकले. बाहेरच्या मदतनीसबाईंनी दार उघडून धरलं, तेव्हा कळलं की ते 'या' म्हणजे 'जा'. आपल्या भाषेत ही सोय कुणी केली कोण जाणे.

या प्रकाराला मराठीत स्वमग्नता म्हणतात म्हणे. शब्द मला पटला नाही. मी स्वतःत मग्न नसतो गं, मी एकटा असतो. लांबून दोन्ही सारखंच दिसतं.

बाकी सर्व ठीक. भावोजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. उत्तराची घाई नाही.

ता. क. २. आहे. पक्क्या तपासणीसाठी मला लहानपणी पाहिलेलं माणूस लागतं. आई-बाबा नाहीत, उरलीस तू. मी तुझा नंबर देऊन आलो आहे. 'कसा होता?' असं विचारतील. आई सगळ्यांना सांगायची तसं 'फार गुणी, कुणाला त्रास नव्हता' असं सांगू नकोस. मला होता.

फोन गुरुवारी सकाळी येईल. अनोळखी नंबर तू उचलत नाहीस. हा उचल.