उघडी पर्णरंध्रं

३ नोव्हेंबर, सायखेडा
आज रुजू झाले. खोली छान उजेडाची. खिडकीतून गोदावरी आणि कोथिंबिरीचे वाफे दिसतात. भाजीच्या पॅकिंग शेडमागे माझी छोटी प्रयोगशाळा. सूक्ष्मदर्शक नवाकोरा. जुड्या बांधणाऱ्या बायकांच्या मुकादम सुलाबाईंनी चहा दिला, वर यंत्राला काय चव कळती म्हणून हसल्या. इथे प्रत्येक वाफ्यातल्या कोथिंबिरीचं डेख, म्हणजे देठ, कडू नाही ना ते बघायला न धुता चावतात. ते काम त्यांच्या सुनेचं, हर्षालीचं. तिला सातवा महिना. पोटुशीच्या जिभेला कडू आधी कळतं, असं सुलाबाई म्हणतात.

६ नोव्हेंबर
चौथ्या वाफ्यात साल्मोनेलाचे जंतू. पानावर सूक्ष्म छिद्रं असतात, पर्णरंध्रं. जंतू टेकला की पान ती मिटून घेतं; जंतू आपलं रसायन सोडून ती पुन्हा उघडतो. हे माहीत होतं. या वाफ्यातली पानं मिटतच नाहीत. उलट त्यांच्या रसातली साखर वाढते. जंतू एकदा आत गेला की धुऊन उपयोग नाही. व्यवस्थापक शेखर सरांनी माल थांबवला, वाफा उपटला. हर्षालीला चावणं बंद करायला सांगितलं. ती म्हणाली, मॅडम, आता दुसरं काही गोडच लागत नाय.

१० नोव्हेंबर
हर्षालीला ताप, दवाखान्यात ठेवलंय. रक्तात तोच जंतू. डॉक्टर म्हणाले, ती बरी होईल, बाळाचं सांगता येत नाही. न धुतलेलं चावणं धोक्याचं, हे पहिल्या दिवशीच कळत होतं; मी नवी म्हणून तिला अडवलं नाही. नोंद असावी.

१३ नोव्हेंबर
ताप उतरला, रक्त स्वच्छ, तिला घरी सोडलं. सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टीवर चौथ्या वाफ्यातले जंतू घेतले; एका टोकाला कोथिंबिरीचा रस ठेवला, दुसऱ्या टोकाला पाणी. जंतू रसाकडे गेले. अपेक्षित. दुपारी हर्षाली दारात येऊन उभी राहिली. ते रस सोडून दाराच्या बाजूला सरकले. पट्टी फिरवली. पुन्हा दाराकडे.

१४ नोव्हेंबर
तिला स्टुलावर बसवलं. ती म्हणाली, आत्ता हललं. पट्टीवर सगळे एकदम वळले. बाळ सहा वेळा हललं. सहाही वेळा.

१५ नोव्हेंबर
रक्तात नाहीत. मग आत कुठे— डॉक्टरांना फोन. बाळाचे ठोके उत्तम, म्हणाले. उद्या तपासतील. पट्टी उकळून फेकली. नवी घेतली. तेच.

१६ नोव्हेंबर, सकाळ
दवाखान्याची गाडी यायची आहे. हर्षाली समोर बसलीय. तोंड चघळल्यासारखं हलतंय. तोंडात काही नाही.
कालपर्यंत आधी बाळ हलायचं, मग पट्टीवरचे जंतू वळायचे. आज उलट. ते डावीकडे वळतात— मग ती म्हणते, डावीकडे हललं.
उजवीकडे— उजवीकडे.
थांबले. सगळे. एकही हलत नाही—
हर्षाली पोट दाबून धरतेय. म्हणतेय, मॅडम, हे आता हलतच नाय—