तमोधिपतीचा गच्चीवरील अस्त

प्रिय ब्रह्मांडकर्त्री कन्ये,

तुझ्या कादंबरीच्या संपादक महाशयांनी तुझ्या खलनायकावर घेतलेले दोन्ही आक्षेप तुझ्या मातोश्रींकडून कळले. पहिला असा, की ग्रहाग्रहांमधल्या दारांच्या किल्ल्या सांभाळण्याचा इतरांना कंटाळा आला, एवढ्याच कारणाने तमोधिपती सात सूर्यांचा स्वामी होतो, हे पटत नाही. दुसरा असा, की इतका महाबली शेवटी स्वतःच्याच हुकुमामुळे एका दाराआड अडकून पडतो, हे तर मुळीच पटत नाही. तेथे एखादे तुंबळ युद्ध हवे. सोमवारपर्यंत तू त्या बिचाऱ्याला नवा उदय आणि नवा अस्त बहाल करणार आहेस, असेही समजले. थांब, पोरी. तुझा हा मध्यमवयीन, मध्यमवर्गीय, मध्यमदेही जन्मदाता तमोधिपतीच्या बाजूने साक्षीदार म्हणून उभा राहत आहे. त्याची जबानी पूर्ण होईपर्यंत लेखणीला हात लावू नकोस.

प्रथम उदयाविषयी. आपल्या इमारतीचे अध्यक्ष तुला आठवत असतीलच. कमरेच्या जुडग्याच्या निनादावरून आबालवृद्ध ज्यांना हल्ली पाठीमागे ‘छुमछुम’ म्हणतात, तेच. तू घर सोडलेस तेव्हा त्यांच्यापाशी एकुलती एक किल्ली होती, गच्चीची. ती त्यांनी बळकावली नव्हती. भर सभेत “किल्ली कोण ठेवणार?” हा प्रश्न निघताच चौथ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांना एकाएकी बुटाची नाडी बांधण्याची निकड भासली, शेजारच्या शिक्षिकाबाईंनी छताचे सूक्ष्म निरीक्षण आरंभिले, आणि मी, ज्याच्या वक्तृत्वाला हे घर वर्षानुवर्षे कंटाळले आहे तो मी, खोकलो. तेव्हा छुमछुम म्हणाले, “द्या इकडे, राहू दे माझ्याकडे.” आम्हांला इतके हायसे वाटले की आम्ही टाळ्या वाजवल्या. साम्राज्याची पायाभरणी ही अशी, प्रजेच्या टाळ्यांच्या गजरात झाली. पुढे पंपाची किल्ली गेली, कारण पहाटे उठणार कोण? मग उद्वाहनाची, ज्यास अडाणी लोक लिफ्ट म्हणतात, कारण तक्रारी ऐकणार कोण? मग सभागृहाची. आणि सभागृहालाच कुलूप लागल्यावर सभा तरी भरणार कुठे? एका थेंबाचाही रक्तपात न होता आम्ही सारे मांडलिक झालो.

मग राजेसाहेबांना राज्य करण्याची गोडी लागली. तिसऱ्या मजल्याने स्कूटर वाकडी लावली म्हणून तिसऱ्या मजल्याचे पाणी दुपारपर्यंत बंद. दंतवैद्यांनी मागून नक्कल केली म्हणून ते आठवडाभर जिन्याने. गच्चीवर तर कोणी फिरकायचेच नाही. तुझ्या आईची टोमॅटोची आणि पुदिन्याची रोपे तिथेच होती, हे तुला ठाऊक आहे. ती रोज तांब्या घेऊन वर जायची, कुलूप पाहायची आणि भरला तांब्या घेऊन परत यायची. रोपे कुलपाआड वाळली. यावर तुझी आई काहीच बोलली नाही. तुझ्या आईचे काहीच न बोलणे हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे, आणि त्याचे भाष्य करण्याचे धाडस मी विवाहानंतर लवकरच सोडले.

आता अस्ताविषयी. गच्चीच्या दाराला कुलपाखेरीज जिन्याच्या बाजूने एक कडी होती. तिच्यासंबंधी राजाज्ञा पुढीलप्रमाणे: दार उघडे दिसताच ज्याला दिसेल त्याने तत्काळ कडी घालावी, बाहेर कोण आहे याची चौकशी करू नये, कारण चौकशीच्या मिषाने लोक गच्चीवर रेंगाळतात, आणि अध्यक्ष समक्ष हजर असल्यावाचून ती कोणीही काढू नये. गेल्या रविवारी सकाळी छुमछुम स्वतः टाकी पाहायला वर गेले. थोड्याच वेळात दारावर धपाधप थापा पडू लागल्या. “अरे, कोण आहे का तिकडे? कडी काढा!”

सारी इमारत जिन्यात जमली. दंतवैद्य अत्यंत मार्दवाने म्हणाले, “साहेब, तुम्ही समक्ष असल्याशिवाय कडी काढता येत नाही.” पलीकडून गर्जना झाली, “अहो, मी इथेच तर आहे!” “आवाज येतोय साहेब, पण समक्ष दिसत नाही.” शिक्षिकाबाई म्हणाल्या, “नियमाचा अर्थ लावायला सभा घ्यावी लागेल.” तिसऱ्या मजल्याने खेदपूर्वक स्मरण करून दिले, “सभागृहाची किल्ली आत आहे. म्हणजे बाहेर आहे. म्हणजे साहेबांकडे आहे.” मग, कन्ये, आम्ही पायऱ्यांवरच बसलो, आणि इतक्या वर्षांनी सभा भरली! आज्ञाभंग कोणीही केला नाही. सम्राटांच्या प्रत्येक शब्दाचे आम्ही इतके काटेकोर पालन केले की तेवढ्यानेच सम्राट संपले. टाकीची सावली होती, प्यायला पाणी होते, त्यामुळे काळजी नसावी. ताप चढला तो केवळ अधिकाराला. अखेर दाराखालच्या फटीतून एक किल्ली सरकत आली. पंपाची. मग लिफ्टची. मग सभागृहाची. सर्वांत शेवटी, बऱ्याच विरामानंतर, गच्चीची. ह्या खेपेला कोणाच्याही बुटाची नाडी सुटली नाही. दंतवैद्यांनी पंप घेतला, शिक्षिकाबाईंनी सभागृह, तुझ्या आईने गच्ची, आणि लिफ्ट मी. कडी निघाली आणि छुमछुम खाली उतरले. जुडग्यावाचून त्यांच्या नुसत्या पावलांचा आवाज आम्ही त्या दिवशी प्रथमच ऐकला. तुझ्या शेवटच्या प्रकरणात तमोधिपती असाच उतरतो. तुझे संपादक म्हणतात, येथे युद्ध हवे. आमच्याकडे साधी कपबशीदेखील फुटली नाही.

आता राहिला एकच प्रश्न: कडी घातली कोणी? साऱ्या इमारतीने कानांवर हात ठेवले. दुपारी तुझी आई गच्चीवरून आली ती नखांत माती घेऊनच, आणि हात धुऊन मेजाशी बसली. समोर तुझे हस्तलिखित, शेवटचे प्रकरण उघडे. मी विचारले, “तू घातलीस?” म्हणाली, “दार उघडं दिसलं. नियम आहे.” “अगं, पण बाहेर कोण आहे ते पाहायचं तरी!” “चौकशी करायची नाही, असाही नियम आहे.” आणि पान उलटत म्हणाली, “पोरगी फोनवर रडत होती. ‘आई, ते म्हणतात तसंच असेल गं, असं कुठं घडतं का?’ म्हणाली. मला काही तुमच्यासारखं लिहिता येत नाही. तुम्ही लिहा तिला. घडतं म्हणावं.” तेव्हा लिहितो: घडते. तुझ्या तमोधिपतीचा एक केसही बदलू नकोस. ती कडी आम्ही सर्वानुमते उखडली असून तुझ्या आईने स्वतःच्या रुमालात गुंडाळून या पत्रासोबत ठेवली आहे. सोमवारी ती संपादकांच्या मेजावर ठेव, आणि जरा जोरात ठेव. गच्चीवर पुदिना पुन्हा लावला आहे.

तुझाच,
लिफ्टच्या किल्लीचा नूतन आणि किंचित भयभीत धारक,
बाबा