घर बघायला दादाला नेलं

आई,

घर मिळालं. डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या बाजूला, तळमजल्यावर. दोन खोल्या, मोठा हॉल, स्वयंपाकघर आणि मागच्या दाराशी कपडे वाळत घालायला जागा. तू असतीस तर पहिला प्रश्न पाण्याचा केला असतास, म्हणून सांगते, नळाला सकाळी दीड तास येतं आणि वर टाकी आहे. मालकीणबाई वरच्या मजल्यावर राहतात. कराराची नोंदणी झाली, पोलीस स्टेशनला भाडेकरूंची माहिती गेली, सामान लागलं, आणि दादा आत्ता पुढच्या पायरीवर बसून शेंगा सोलतोय. अर्ध्या ताटात, अर्ध्या तोंडात.

तुला जाऊन एकवीस वर्षं झाली, त्यामुळे आम्हाला भाड्याचं घर शोधायची वेळ का आली तेही सांगायला हवं. पूर्वेचा आमचा फ्लॅट, जिथे शेवटची दोन वर्षं तूही होतीस, ती इमारत पाडून नवी बांधायची ठरली. कॉलमना भेगा गेल्या होत्या, पावसाळ्यात जिन्यातलं प्लास्टर पडायचं, सगळ्यांनाच हवं होतं ते. तीन वर्षं बाहेर राहायचं, बिल्डर भाडं देणार, मग नव्या घरात परत. सोळा कुटुंबं. त्यातल्या पंधरांना महिन्या-दीड महिन्यात घरं मिळाली. आम्ही उरलो. मी, तुझे जावई, तू पाळण्यात बघितलेली तुझी नात, जी आता नोकरीला लागली आहे, आणि दादा. दादा चोपन्नचा झाला. केस पांढरे झाले, पण मन तू सोडून गेलीस तेव्हा होतं तेवढंच आहे, पाच-सहा वर्षांच्या मुलाचं. सकाळी उठून मजल्यावरचं प्रत्येक दार वाजवायचं आणि उघडणाऱ्याला "काय चाललंय?" विचारायचं, हेही तसंच. जुन्या इमारतीत लोकांना त्याची सवय झाली होती. समोरचे आजोबा तर त्याच्या टकटकीवर गोळी घ्यायचे. पण नव्या ठिकाणी हे सगळं पहिल्यापासून सांगायचं होतं, आणि एजंट पहिल्याच दिवशी म्हणाला, "मॅडम, भावाचं आत्ता काढूच नका. अ‍ॅग्रीमेंट होऊन जाऊ दे. मग काय करणारेत ते?"

तो बोलला आणि मला तू दिसलीस. नौपाड्यातला तो जिना, दवाखान्यातून सुटून तशीच आलेली तू, खांद्याला पर्स, आणि समोर मालक. मी अकरा वर्षांची. बाबा जाऊन दोन वर्षं झालेली. डॉक्टरांच्या दवाखान्यात तू पेशंटचे नंबर लावायचीस, आणि दवाखान्यापासून चालत पाच मिनिटांवर त्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. मालकांनी विचारलं, "कोण कोण राहणार?" तू म्हणालीस, "मी आणि ही मुलगी." मी तुझ्याकडे बघितलं, तर तू माझा हात दाबलास. दादा तेव्हा कल्याणला मावशीकडे होता. आठ दिवसांनी, दुपारी मालकांकडे सगळे झोपलेले असताना, तू त्याला रिक्षातून आणलंस आणि जिना चढताना त्याच्या तोंडात लिमलेटची गोळी ठेवलीस, म्हणजे तो काही बोलणार नाही. त्यानंतर पाच महिने आपल्याकडे रेडिओ मोठ्याने लागायचा. दादाला दार वाजवायचं असायचं, म्हणून तू त्याला कपाटाचं दार दिलं होतंस. तो कपाट वाजवायचा आणि तू आतून उत्तर दिल्यासारखी म्हणायचीस, "काही नाही रे, स्वयंपाक चाललाय."

आणि मी ते घालवलं. मालकीणबाईंनी दिवाळीचा चिवडा दिला आणि मी म्हटलं, दादाला फार आवडतो हा. "कोण दादा?" बस. संध्याकाळी तू आलीस, तुला खालीच थांबवलं होतं. वर येऊन तू चप्पलही न काढता मला म्हणालीस, "तुझ्या तोंडाला कुलूप घालू का आता?" तू मला कधी मारलं नाहीस, पण त्या वाक्याने मी कितीतरी दिवस शाळेतसुद्धा हात वर करून उत्तर दिलं नाही. महिन्याभरात आपण ते घर सोडलं. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा मालक खाली आले आणि तुला म्हणाले, "मुलाचं काही नव्हतं हो. तुम्ही फसवलंत, त्याचं वाईट वाटलं." टेम्पो निघाल्यावर तू मला म्हणालीस, "सांगितलं असतं तर दारातूनच परत पाठवलं असतं." मालक खरं बोलत होते की तू, हे मला पुढे चाळीस वर्षं कळलं नाही.

आता निम्मं कळलं, आई. तुझंच बरोबर होतं. मी एजंटला सांगितलं की करार व्हायच्या आधी सांगायचं, नाहीतर ते घर घ्यायचंच नाही. त्याने कपाळाला हात लावला. मग आम्ही एकामागून एक घरं बघितली, आणि मी प्रत्येक ठिकाणी तू शिकवलेलं सगळं केलं. घर दुपारी बघायचं, कारण सकाळी सगळीच घरं उजेडाची वाटतात. कपाटामागे हात घालून ओल बघायची. खालच्या मजल्यावरच्या बाईंशी दोन शब्द बोलायचे, घरमालकाबद्दल त्या जे सांगणार नाहीत ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. मालक झाडूवालीशी कसा बोलतो तिकडे कान ठेवायचा. आणि न्हाणीघराची आतली कडी. दादा आठ वर्षांचा असताना आत अडकला होता आणि सुताराला बोलवून दार काढावं लागलं होतं, तेव्हापासून प्रत्येक घरात तू पहिल्या दिवशी ती कडी काढायचीस. सगळं बघून झालं, मालकाला घर द्यायचं आहे, आम्हाला घ्यायचं आहे, अशी वेळ आली की मी दादाचं सांगायचे. मग एकाला अचानक आठवायचं की पुतण्याचं लग्न ठरतंय. एकजण म्हणाला, "आमचं काही नाही, सोसायटीवाले ऐकणार नाहीत." एका बाईंनी माझा हात हातात घेतला, डोळ्यांत पाणी आणलं आणि नाही म्हणाल्या.

तुझ्या जावयांच्या ऑफिसातल्या मित्राचा घोडबंदर रोडला फ्लॅट होता, सतराव्या मजल्यावर. मित्र असल्यामुळे लपवायचा प्रश्नच नव्हता, त्याला सगळं माहीत. तिकडे मात्र आम्ही दादाला घेऊन गेलो. लिफ्टचं दार बंद झाल्याबरोबर त्याने माझा दंड इतका घट्ट धरला की दोन दिवस वळ होते. वर पोचेपर्यंत तो डोळे मिटून उभा होता. खाली आल्यावर सोसायटीचा मॅनेजर फार नम्रपणे म्हणाला, "सरांना एकट्याने लॉबीत सोडायचं नाही, एवढंच बघा." दादा आयुष्यात पहिल्यांदा सर झाला होता. परतताना ट्रॅफिकमध्ये गाडी तासभर अडकली. मग तुझे जावईच म्हणाले, "खडवलीच्या पुढे दादासारख्यांची एक संस्था आहे. तीन वर्षांपुरतं. बघून तरी येऊ."

त्यांच्यावर रागावू नकोस. ते दादाची दाढी करतात गं, दर एक दिवसाआड, गेली सतरा-अठरा वर्षं. दमले होते. मीही दमले होते. आम्ही गेलो. जागा वाईट असती तर सोपं झालं असतं. पण स्वच्छ होती, अंगणात आंब्याची झाडं, मुलं म्हणावीत अशी पन्नाशीची माणसं बागेला पाणी घालत होती, आणि तिथल्या ताईंनी दादाशी बोलताना माझ्याकडे न बघता त्याच्याकडेच बघितलं. दादा जेवला. वरण दोनदा घेतलं. मग ताट धुऊन आला आणि माझ्या पर्सचा पट्टा धरून म्हणाला, "चला." मी ताईंना म्हटलं, कळवते. गाडीत बसल्यावर मी ह्यांना म्हणाले, "उद्या माझ्याने होईनासं झालं तर मी त्याला इथे आणीन, आणि लाज वाटणार नाही. पण कोणी घर देत नाही म्हणून नाही आणायचा." त्यांनी गाडी सुरू केली. मग म्हणाले, "मग आधी सांगायचं तर नीट सांगू. त्याला घरी ठेवून काय सांगायचं? घेऊनच जाऊ ना."

बघ, हे मला सुचलं नव्हतं. मी स्वतःला तुझ्यापेक्षा खरी समजत होते, पण मीसुद्धा दादाला मागे ठेवूनच घरं बघत होते. आणि गंमत म्हणजे हे तू एकदा केलं होतंस. माझ्या लग्नाच्या वेळी. कांदेपोह्यांच्या पहिल्याच कार्यक्रमात तू दादाला इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या शेजारी बसवलंस. पाहुणे गेल्यावर मी विचारलं, घरमालकांना सांगत नव्हतीस, ह्यांना कसं सांगितलंस? तू पोह्यांच्या बशा गोळा करत म्हणालीस, "घर अकरा महिन्यांचं असतं."

ह्या घराचं आमच्या पोळ्यांच्या मावशींनी सांगितलं. मालकीणबाई इथल्याच जुन्या शेतकरी घरातल्या. पूर्वी आजूबाजूला त्यांची भातशेती होती, आता ही एक तीन मजली इमारत आणि मागे अळूचा वाफा. सत्तरी ओलांडली असेल. एजंट नाही, सोसायटी नाही. आम्ही चौघंही गेलो. त्या ओट्यावर मासळी साफ करत होत्या, उठल्यासुद्धा नाहीत.

"ह्यो कोन? तुजा भाव?"

मी सांगायला सुरुवात केली, जन्माच्या वेळचं, डॉक्टरांचं. त्यांनी सुरीनेच मला थांबवलं. "ता नको. मना खरा सांग. मारतो का कोनाला?"

"नाही."

"गॅसला हात लावतो?"

"नाही. स्वयंपाकघरात कोणी असल्याशिवाय येतच नाही."

"मंग काय करतो?"

"दारं वाजवतो. सकाळी उठल्या उठल्या. सगळ्यांची."

"कवा?"

"सहा वाजता."

"मी चारला उठलेली असते. वाजवू दे."

एव्हाना दादा आत गेला होता. रिकाम्या घरात एकेक दार वाजवल्याचा आवाज यायला लागला. मी धावणार, तेवढ्यात त्याचा प्रश्न आला, "काय चाललंय?" आणि बाईंनी ओट्यावरूनच हाक दिली, "काय नाय रं, म्हावरा साफ करतंय!" दादा बाहेर आला, आवाज कुठून आला ते त्याने बघितलं, आणि त्यांच्या शेजारी बसला. तुझे जावई तोंड वळवून अळूकडे बघत उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते की काय, हे मी अजून विचारलेलं नाही.

बाईंच्या अटी होत्या. भाडं वेळेवर, भिंतीत खिळे ठोकायचे नाहीत, अळूला हात लावायचा नाही. मग म्हणाल्या, "काय ठरला ता लिवून काढा. तोंडी नको. उद्या मी मेली तर माजी पोरं येतील, त्यांना काय ठाऊक आपला बोलना?" मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मी त्यांना म्हटलं, माझ्या दोन गोष्टी आहेत. राहणाऱ्या माणसांमध्ये भावाचं नाव लिहायचं, आणि न्हाणीघराची आतली कडी काढू द्यायची. दुसरी ऐकून त्या वर गेल्या आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आल्या. नाव मात्र करारात मी स्वतः सांगून घातलं. नोंदणीसाठी आमचे अंगठे घ्यायला आलेल्या माणसाने मसुदा वाचून दाखवला, आणि चौथं नाव आलं तेव्हा दादा म्हणाला, "मी." आई, तुझ्या हयातीत आपण सहा घरं बदलली. त्यातल्या एकाही कागदावर तो नव्हता. त्या संध्याकाळी मी स्वयंपाक केला नाही, बाहेरून वडापाव आणले आणि कुणी काही म्हणालं तरी उगाचच हसत सुटले. इतकी सैल मी कधी झाले होते ते आठवत नाही.

म्हणजे माणसं चांगली असतात असं काही नाही. सातांनी नाही म्हटलं, एकीने हो म्हटलं. आणि तुझ्यासारखी एकटी, दोन मुलं पदरात, हातात बिल्डरचं भाडं नाही, अशी मी असते, तर आठव्या दारापर्यंत थांबले असते का? नाही थांबले असते. मीही दुपारची रिक्षा केली असती. नौपाड्यातलं ते तुझं बोलणं मनात कुठेतरी टोचायचं, ते आता टोचत नाही. तुला हेच सांगायला बसले. हे कुठे पाठवायचं नाही, तेव्हा घाईही नाही.

आणखी एक, आणि ते लिहायला जरा जड जातंय. तू गेल्यापासून दादाचा ताप असो, दात असो, पावसात बाहेर निघून जाणं असो, मी दर वेळी मनातल्या मनात तुला विचारत आले आहे, आता काय करू. एक दिवस चुकला नाही. ह्या घरात येऊन आज नऊ दिवस झाले. आज सकाळी चहा गाळताना लक्षात आलं की ह्या नऊ दिवसांत मला तुझी एकदाही आठवण झाली नाही.