जावयाच्या हातून गिझर बसवू नको

कुंभवली, शुक्रवार

दांडीच्या नवशास थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. तुझा खोकला गेला असंल. नसंल तर विडी तरी गेली असंल. सून बाळंतीण हाय, नातीला रोज ऊन पाणी लागतं, म्हणून तू गॅसचा गिझर आणलास, बरं केलंस. पण तो रविवारी माझे जावई बसवणार असं कानावर आलं आन् मी कागद घेतला. (फोन करत नाय, फोनवर तू मधी बोलतोस.)

सुजितराव जावई म्हणून सोन्यासारखे. पण सोन्यानं नळी जोडत नायत. कंपनीत ते वेल्डरला सामान उचलून देतात, तेवढ्यावर आमच्याकडचा गिझर बसवताना मला म्हणाले, "आई, मी अख्खी कंपनी जोडतो, तुमचा गिझर तो काय!" एजन्सीचा शिकलेला माणूस यायला वेळ लागला असता, यांना दम कुठला? बाजारातली नळी आणली आन् तारेनं आवळली. तारेनं! आपली आय मासळीची टोपलीसुद्धा तारेनं बांधायची नाय.

मंगळवारी तिन्हीसांजेला घरात घाण वास सुटला. आता आमच्या कुंभवलीत वास म्हणजे पाहुणा, कधीपण येतो. आमाला वाटलं, केमिकलच्या कंपनीनं गॅस सोडला. मग रीतीप्रमाणं दारंखिडक्या धाडधाड लावल्या, फटींत ओली फडकी कोंबली आन् सगळं घर आत शहाण्यासारखं बसलं. (हसू नको, तूपण तेच केलं असतंस.) वास वाढत चालला, लेक दीपिका डोकं धरून ओकली. तशी माझी जीभ शिवशिवली. कंपनीला चार शिव्या घालाव्या म्हणून मी ओट्यावर गेले, तर बाहेर हवा स्वच्छ! शेजारची मंजुळा निवांत लसूण सोलत बसलेली.

"मंजुळे, वास नाय आला गो?"

"नाय मावशी. आज कंपनीला सुट्टी दिसते."

शिवी तोंडातच राहिली. म्हणजे वास आमच्याच घरातला! मागं फिरले तर आत अंधार, आन् सुजितराव दिवा लावायला बटणापाशी! "सुजितराव, बटणाला बोट लावाल तर बोट मोडीन तुमचं!" (अहोजाहो तेव्हापण सोडलं नाय.) सगळ्यांना बाहेर हाकललं, खिडक्या उघडल्या, सिलिंडर बंद केला.

मग एजन्सीचा धीरज आला, ज्याची गॅसच्या कामाची परीक्षा झालेली हाय. तो म्हणाला, गळती एक गोष्ट, पण गिझर बंद न्हाणीत लावलाय, त्याच्या धुराला बाहेर जायला वाट नाय. त्या धुराला वास नसतो. माणूस आंघोळीला बसतो तो उठतच नाय.

आता तुझी न्हाणी बघ. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडकीला गोणपाट ठोकलंस, आन् आत एवढंसं पोर. जावयाचा मान पाटावर ठेव, नळीवर ठेवू नको. ते रुसले हायत. रुसू देत. रुसलेल्याला पापलेट घालून हसवता येतं, मेलेल्याला नाय.

तुझी बहीण जमना

ता. क. सुजितरावांना रविवारी जेवायला बोलव. पाना घरी ठेवून या म्हणावं.

आणखी एक. हे पत्र घेऊन आलेला माणूस धीरजच हाय, तुझा गिझर तोच बसवंल. तू नको म्हणालास तरी तो हलणार नाय, त्याला मी तसं बजावलंय. एवढा वेळ दारात उभा असंल, आत घे. चहाचं विचारू नको, तो आधी गॅसच बंद करणार हाय.