बाईले कोणी चालू देत नाई

सिंदेवाही, मंगळवार, संध्याकाळ

डोकं फिरलं आज. शुगर उतरली नाई तर इंजेक्शन सुरू करू, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्यातली नर्स रोज मोबाईलवर मेसेज टाकते, "बाई, आज चाललात का?" पण चालू कशी? जन्मभर इथल्या शाळेत शिकवलं, आता गावातला हरेक गाडीवाला माझाच विद्यार्थी. पायी दिसली की करकचून ब्रेक. "पायी काऊन बाई? बसा ना!" नाई म्हटलं तर तोंड पडते त्याचं. आज कसंबसं सगळ्यांना परतवलं, तर बसस्टँडजवळ मागून स्कूटी थांबली. पाहते तर तीच नर्स! तीही माझीच विद्यार्थिनी. "बसा ना बाई!" बसली मी, काय करू? दारात उतरवलं अन् वरून विचारते कशी, "बाई, मेसेज वाचता ना माझे?"