चौकटीवरची नोंद

८ मार्च २००९, रविवार

या परसात माझ्या हातानं झालेलं: लोखंडी फाटक, चार फूट बाय साडेतीन. पाण्याचा हौद, दोनदा गिलावा दिलेला, अजून थेंब पाझरत नाही. झोका — विहिरीच्या जुन्या साखळीचा, दोन मोठी माणसं बसवून तपासलेला. पाखरांच्या पाण्याची परात विकतची, पण तिची तिवई माझी. मागच्या दाराची सागवानी चौकट. हे सगळं सातवी पास माणसानं. पंपाच्या मोटारी भरायचा धंदाही कुणी शिकवला नाही. एक जळालेली उघडली, तारेचे वेढे मोजले, तसेच परत घातले.

यादी करायचं कारण — चौदा दिवसांवर ईश्वरीचा वाढदिवस. नात चार वर्षांची होते. जेवणं परसातच. फाटकाला रंग, झोक्याला तेल.

लिंबावर बुलबुलानं घरटं केलंय. तीन अंडी. पोरीला उचलून दाखवलं. म्हणाली, "आबा, त्यांचा बी वाढदिवस हाय का?"

दुपारी हौदाजवळची वाळू उकरताना मांडूळ निघालं. लोक दुतोंड्या म्हणतात. तोंड एकच असतं. शेपूट बोथट, म्हणून फसतात. विषारी नाही. पोत्यात घालून तांब्याची तार तोलायच्या काट्यावर ठेवलं. एक किलो साडेतीनशे, पोतं वजा करून. लांबी दोन फूट अकरा इंच. परत वाळूत सोडलं.

९ मार्च

हॉटेलात मांडुळाची हकीकत सांगितली, आकड्यांसकट. घरी आलो तर बायको, पार्वती, म्हणते, "तुमच्या पोटात काही राहत न्हाई." म्हटलं, लोकांना खरी माहिती कळावी म्हणून सांगतो. "व्हय, मास्तर," म्हणाली अन् भाकरी थापायला बसली.

१२ मार्च, गुरुवार

हरीश दुपारीच घरी. पोरगा हिंगोलीला खत-औषधांच्या दुकानात कामाला आहे, कधी असा येत नाही. सोबत पांढऱ्या जीपमधून दोघं. एक वयस्कर, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं मऊ. मांडूळ बघायचं म्हणाला.

मी सांगितलं — विकायचं नाही, कायद्यानं बंदी आहे. हरीश म्हणाला, "बाबा, बघू तर द्या." त्याच्या डोक्यात स्वतःचं दुकान आहे, दोन वर्षं झाली. मी मुद्दाम वजन सांगितलं. हे लोक दोन किलोच्या खालचं हातात धरत नाहीत असं ऐकलंय.

"वजनाचं काही न्हाई," शर्टवाला म्हणाला.

याचं नवल वाटलं.

पाणी पीत तो मागच्या दारापाशी थांबला. चौकटीवर मी दर सहा महिन्यांनी ईश्वरीच्या उंचीची खूण करतो, ऑइलपेंटनं. सगळ्यात खाली जन्माची नोंद: २२ मार्च २००५, पहाटे ४.१०, वजन २ किलो ६००, पायाळू. पायाकडून जन्मली, म्हणून तसं लिहिलं. नोंद म्हणजे पुरी नोंद. त्यानं शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं. मग विचारलं, "ही लेक कुठं असती दिवसा?"

साप न बघताच गेले.

१३ मार्च

वाळू चाळून मांडूळ शोधलं. बादलीत घालून लांब माळावर सोडलं. हॉटेलात मोठ्यानं सांगितलं — गेलं एकदाचं. आता जीपचं इथं काही काम नाही.

१५ मार्च, रविवार

हिरासिंग आला तांड्यावरून. तीस वर्षांची ओळख. चहा झाला तरी उठेना. पार्वती आत गेल्यावर बोलला.

"उत्तमराव, ते सापासाठी आलते का नक्की?"

"मग कशासाठी?"

"गुप्तधन काढणारे हायत. आमच्या तांड्यावर बी आलते. पायाळू लेकरू हाय का, इचारत. पायाळूला जमिनीतला हंडा दिसतो म्हणतात."

"थोतांड आहे."

"तुमाले थोतांड. त्यायले न्हाई ना." हसला जरासा. "आमच्या मोतीबाईनं सांगितलं, मी बी पायाळूच हाय, मला न्या. सत्तर वर्षांची म्हातारी. लगेच गाडी वळवली." मग हसू गेलं त्याचं. "हंडा न्हाई निघाला का लेकराचं काय करतात, ते मी सांगत न्हाई. तुमी पेपर वाचता."

वाचतो. कात्रणंही ठेवलीत.

थोतांडाची भीती मला कधी वाटली नाही. ते मानणाऱ्या माणसाची वाटायला लागली आहे. अन् शब्द माझ्याच हातानं लिहिलेला, दीड इंच अक्षरात.

१६ मार्च

पॉलिश पेपरनं तो शब्द घासला. जाईना. रंग लाकडात मुरलाय — मीच आधी अस्तर दिलं होतं. शेवटी पटाशी लावली. सागाला खड्डा पडला.

"आबा, माझं नाव काहून खोडून राहिले?"

"नाव नाही, बाई. एक चूक होती."

"मग पुन्हा बराबर लिहा."

१८ मार्च, बुधवार

अंगणवाडीच्या शालूबाई स्वतः घरी आल्या. म्हणाल्या, पांढऱ्या शर्टाच्या माणसानं कुंपणाबाहेरून ईश्वरीला बिस्किटाचा पुडा दिला अन् पाय दाखव म्हणाला. "मी झाडू घेऊन धावले. पण उत्तमराव, त्याला पोरीचं नाव माहीत होतं. तिच्या आईचं बी."

चौकटीवर आईचं नाव नाही. मी पुन्हा जाऊन पाहिलं.

पोलीस पाटलाकडे गेलो. "पाय बघितले, यात गुन्हा कोणता लिहू?" म्हणाला. पोरीची अंगणवाडी उद्यापासून बंद.

१९ मार्च

बुलबुलाची तिन्ही पिल्लं निघाली. फाटकाला कुलूप. किल्ली माझ्या करदोट्याला.

२० मार्च, शुक्रवार

हरीशला समोर बसवून सगळं सांगितलं. तांडा, अंगणवाडी, चौकट. तो मोबाइलकडे बघत ऐकत होता. "तुमी उगं डोक्यात घेता, बाबा. ती माणसं वाईट न्हाईत." मग म्हणाला, "मी हाव ना."

जरा बरं वाटलं. पोरगा घरात आहे.

२२ मार्च, रविवार

वाढदिवस.

सकाळी सहालाच परसात. जास्वंदीवर शिंजीर, नर, उन्हात जांभळा चमकत होता. खार परातीतलं पाणी प्यायली, बुलबुलानं तिला हाकललं. कुंपणाखालून मुंगूस गेलं, मागं दोन पिल्लं. पोरगी माझ्या खांद्यावर बसून मोजत होती — एक, दोन, चार. तीन दरवेळी विसरते. मी फाटकापलीकडचा रस्ता बघत होतो. मुंगसाचं पिल्लू तिनंच मला दाखवलं. एरवी उलटं असतं.

बोलावलेली माणसं चौतीस. येणाऱ्या प्रत्येकाला मी कुलूप काढून आत घेतलं अन् पुन्हा लावलं. एकानं चेष्टा केली, "उत्तमराव, तुरुंगात जेवू घालता का?" सगळे हसले. मीही हसलो. सूनबाई, प्रतिक्षा, दोनदा बोलवायला आली — "बाबा, ओवाळायचं खोळंबलंय, या ना आत." फाटकापासून लिंबाखालचा पाट अकरा पावलं. ती टाकायला जीव होईना. फुगा फुटला तर हातातली किल्ली पडली.

ईश्वरी पळत आली. पायात आवाज. नव्या तोरड्या, चांदीच्या, चांगल्या जाड.

"कुणी दिल्या?"

"पप्पांनी!"

हरीशला बाजूला घेतलं. पगाराला अजून आठ दिवस आहेत. "मित्रानं दिल्या," म्हणाला. "पोरीचे पाय मोकळे बरे दिसत न्हाईत, म्हणाला." अन् केक कापायला गेला.

कोणता मित्र, ते मला विचारवलं नाही. तेवढीच एक गोष्ट मोजायची राहिली, अन् ती मी मुद्दाम सोडली.

२४ मार्च, मंगळवार. जवळा बाजार

सकाळच्या पहिल्या गाडीनं सुनेला अन् पोरीला घेऊन इथं आलो, सुनेच्या माहेरी. तोरड्या काढून घरीच ठेवल्या. व्याह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी तिन्ही भावांना शेतातून बोलावून घेतलंय. मी दारात बसून लिहितोय.

काल हौदाच्या कडेला हरीश माझ्याजवळ येऊन बसला. लहानपणी मार खाल्ल्यावर बोलायचा, तसा हळू बोलला. "बाबा, गुरुवारी अमावस्या हाय. एकच रात. तिला नुसतं बसवायचं, फुलं वाहायची. तिनं बोट दाखवलं का आणून सोडतात. मी संग हाव ना."

मी नाही म्हणालो.

मग त्यानं आकडा सांगितला. चार लाख. त्यातले दोन माझे.