चालकाशी बोलू नये

४ जानेवारी

घेतली! शाळेची जुनी बस. सीट इतक्या बुटक्या की बसलं की गुडघे हनुवटीला. धंद्याचं नाव 'उनाड सहली' — साठीच्या पुढच्यांसाठी. दवाखाना, रक्ततपासणी आणि दुसऱ्याची अंत्ययात्रा — म्हाताऱ्यांना एवढंच जग दाखवायचं, हा समाजाचा कट आहे! आम्ही तळ्यावर जाऊ. सर्कशीला जाऊ. नाचायला जाऊ!

मुलगा म्हणाला, "बाबा, एप्रिलपर्यंत बघतो. नाही चाललं तर गाडी भंगारात." बायको म्हणाली, "डबे किती जणांचे?"

अर्धा धंदा तिथेच उभा राहिला.

१८ जानेवारी

पहिली सहल, तळं. गाडीत माइक बसवून घेतलाय. "मित्रहो, म्हातारा माणूस म्हणजे सामान नव्हे — उचललं आणि कोपऱ्यात ठेवलं!" टाळ्या. तासाभराने टाळ्या पातळ झाल्या. गुडघा बदललेल्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तळं मागे राहिलं."

माझ्या बोलण्यात ड्रायव्हर वळण चुकला म्हणे. अग्निशमन दलातला निवृत्त गडी. पेटलेलं काही दिसलं की विझवायची खोड!

९ फेब्रुवारी

ड्रायव्हर मात्र कष्टाळू. रोज दुपारी गाडी 'तपासायला' नेतो. बायको रोज दुपारी बहिणीकडे. आज परत आली ती हाताला ग्रीस लावून. "तिचं शिलाईचं मशीन अडलं होतं."

त्या मशीनला बहुतेक चार चाकं आहेत — एवढं ग्रीस!

२२ मार्च

घाटातली सहल. मी स्वातंत्र्यावर बोललो. चढताना आणि उतरतानाही. फाटकाशी ड्रायव्हरने किल्ली माझ्या हातावर ठेवली. "साहेब, जन्मभर सायरनखाली गाडी चालवली. पण तो बंद करता यायचा."

गेला!

२३ मार्च

ज्याला सत्य बोचतं त्याने खुशाल जावं.

१० एप्रिल

नवा ड्रायव्हर मिळत नाही. गावभर माझी कीर्ती पोचलेली. माझे डोळे असे की समोर म्हैस आहे की मंत्री, कळत नाही. मुलगा भंगारवाल्याशी मुद्दाम मोठ्याने फोनवर बोलतोय. परवा सर्कशीची सहल, सगळ्या जागा भरलेल्या. रद्द करावी लागणार. या विषयावर माझ्याकडे भाषण नाही. बायकोला सांगितलं. म्हणाली, "डबे तर होऊ देत."

आग लागो त्या डब्यांना! माझी गाडी मरतेय आणि हिला डबे.

१२ एप्रिल

सगळे फाटकाशी जमलेले. मी घसा साफ केला. तेवढ्यात बायकोने डब्यांच्या पिशव्या माझ्या हातात कोंबल्या. "धरा. नीट." आणि पुढच्या दाराने चढून स्टिअरिंगमागे बसली! गुडघेवाल्या वहिनींनी शिट्टी मारली. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं! खाली तो सोडून गेलेला ड्रायव्हर हसत उभा. "परवाना पहिल्या झटक्यात मिळाला, साहेब. घाटसुद्धा चढवतात."

"कधीपासून?" मी विचारलं.

ती आरशात बघत होती. "तुम्ही म्हणालात ना, सामान नव्हे. मी ऐकलं होतं."

माइकची वायर कापलेली. मी मागच्या सीटवर, मांडीवर डबे.